कर्करोग गेला, पण हात वर जात नाही

तोंडाच्या कर्करोगाच्या उपचारात मुंबईने जगाला काय दिले, असे कुणी विचारले तर टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या एका चाचणीचे नाव घ्यावे लागेल. प्रश्न साधा, पण अनेक वर्षे लोंबकळत पडलेला. जिभेवरची किंवा गालातली गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही. अशा रुग्णाच्या मानेतल्या लसीका ग्रंथी त्याच वेळी काढून टाकायच्या, की रोग तिथे उतरल्यावर बघायचे? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर दिले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. एवढा फरक पडल्यावर वादाला फारशी जागा उरत नाही, आणि मलाही तो उकरून काढायचा नाही. माझा मुद्दा या निकालाच्या पाठोपाठ येणाऱ्या जबाबदारीचा आहे. ग्रंथी आधीच काढायच्या म्हटल्यावर ज्यांच्या मानेत रोग पोचलाच नव्हता अशांच्याही मानेवर सुरी चालणार, आणि त्यांतल्या काहींचा खांदा त्यापायी अधू होणार. जीव वाचत असेल तर ही किंमत रास्तच आहे. पण ती रुग्णाने एकट्याने का भरावी? खांद्याचे पाते सावरणारे व्यायाम, ते कोणत्या स्नायूला किती कामाला लावतात हे पाहून निवडलेले, या शस्त्रक्रियेचाच भाग म्हणून दिले गेले पाहिजेत. घरी सोडताना हातात ठेवलेल्या झेरॉक्सने ते काम होत नाही.

मानेचा आणि खांद्याचा असा संबंध येतो तो अकराव्या क्रमांकाच्या मज्जातंतूमुळे. डॉक्टर त्याला स्पायनल ॲक्सेसरी म्हणतात. कवटीतून निघून तो मानेच्या बाजूने, नेमका ज्या चरबीत आणि ग्रंथींत कर्करोग लपतो त्यांतून वाट काढत, ट्रॅपिझियस या पाठीच्या मोठ्या स्नायूकडे जातो. जॉर्ज क्राइल या अमेरिकी सर्जनने १९०६ मध्ये मान साफ करण्याची जी पद्धत मांडली तिच्यात हा मज्जातंतू, गळ्याची मोठी शीर आणि मानेच्या बाजूचा ठळक स्नायू असे सगळेच काढून टाकले जाई. रोग मागे राहू नये हा एकच ध्यास होता. पुढे अर्जेंटिनात ओस्वाल्दो सुआरेस आणि इटलीत एत्तोरे बोक्का यांनी निवडक रुग्णांत या गोष्टी राखूनही ग्रंथी काढता येतात हे दाखवले, आणि आता शक्य तिथे मज्जातंतू वाचवण्याचाच प्रयत्न असतो. मात्र वाचवला म्हणजे तो शाबूत राहिलाच असे नाही. वरच्या कोपऱ्यातल्या ग्रंथी काढताना त्याला बाजूला ओढून धरावे लागते, त्याचा रक्तपुरवठा दुखावतो, आणि न कापलेला मज्जातंतूही काही महिने गप्प बसू शकतो. केसपेपरवर 'नर्व्ह प्रिझर्व्ह्ड' असे लिहिलेले असावे आणि रुग्णाला शर्टाची बाही चढवता येऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हात का वर जात नाही हे समजायला पाठीकडे बघावे लागते. खांद्याचे पाते बरगड्यांवर नुसते टेकलेले असते. धडाशी त्याला हाडाने जोडणारा दुवा एकच, कॉलरबोनच्या टोकाचा. बाकी सगळा कारभार स्नायूंचा. इनमन, सॉन्डर्स आणि ॲबट यांनी १९४४ मध्ये मांडले की हात खालून थेट कानाशी नेताना जे १८० अंश पार होतात त्यांतले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यात आणि ६० पाते फिरल्यामुळे मिळतात. नंतरच्या मोजण्यांत हे प्रमाण माणसागणिक आणि उंचीगणिक बदलते असे दिसले, मूळ गोष्ट मात्र टिकली: पाते वळल्याशिवाय हात पुरा वर जात नाही. पात्याला वळवणारे मुख्य स्नायू दोन. ट्रॅपिझियस मानेतून आणि पाठीतून ओढतो, सेरेटस अँटेरियर बरगड्यांवरून पुढे ओढतो, आणि दोघांच्या जोडीने पाते फिरते. जोडीतला एक गळाला की हात म्हणजे डळमळत्या स्टुलावर ठेवलेली शिडी. रुग्णाची पाठ उघडी करून त्याला हात बाजूने उचलायला सांगितले तर हे डोळ्यांना दिसते. ट्रॅपिझियस लुळा असेल तर त्या बाजूचा खांदा आधीच उतरलेला असतो, मान आणि खांदा यांच्यामधला भरीव भाग बसलेला असतो. हात खांद्याच्या उंचीला येता येता अडखळतो, पाते बाहेरच्या अंगाला घसरते, आणि माणूस कंबरेतून दुसऱ्या बाजूला झुकून उरलेली उंची गाठायला बघतो. सेरेटस लुळा असेल तर चित्र निराळे. तिथे भिंतीला तळहात लावून ढकलायला सांगितले की पात्याची आतली कड पाठीतून उभी राहते. तक्रार दोघांचीही एकच, हात वर जात नाही. दोघांना एकच व्यायाम देणे मात्र चूक.

कोणता व्यायाम कोणत्या स्नायूला राबवतो हे नुसते बघून कळत नाही, म्हणून ईएमजीची मदत घेतात. त्वचेवर चिकटवलेल्या किंवा स्नायूत घातलेल्या इलेक्ट्रोडमधून स्नायूतली विजेची हालचाल टिपली जाते. आधी माणसाला पूर्ण जोर लावायला सांगायचे, तो आकडा शंभर धरायचा आणि व्यायामातली हालचाल त्याच्या टक्क्यांत मांडायची. अमेरिकेत मोझली आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ९ निरोगी माणसांच्या पात्याभोवतीचे ८ स्नायू १६ व्यायामांत असे मोजले आणि चार व्यायामांची शिफारस केली: हात किंचित पुढच्या तिरक्या रेषेत वर नेणे, वल्हे मारल्यासारखे मागे ओढणे, जोर काढून वर आल्यावर पाठ आणखी थोडी वर ढकलणे, आणि बसल्या जागी दोन्ही हातांवर अंग उचलणे. जोर काढताना शेवटी दिलेला तो जास्तीचा ढकल सेरेटससाठी फार मोलाचा, हे पुढच्या अभ्यासांतही पुन्हा पुन्हा दिसले. (आखाड्यात जोर मारणाऱ्यांना ही बातमी वाटणार नाही.) मग प्रश्न थोडा बदलला. कुठला स्नायू किती जागा होतो एवढ्यावर न थांबता कुणाच्या तुलनेत किती, असे विचारले जाऊ लागले. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या ॲन कूल्स यांनी २००७ मध्ये ४५ निरोगी लोकांवर १२ व्यायाम तपासले, ते ट्रॅपिझियसचा वरचा भाग शांत ठेवून मधला आणि खालचा भाग कामाला लावणारे व्यायाम शोधण्यासाठी. त्यातून कुशीवर झोपून आणि पालथे झोपून करायचे जे चार व्यायाम निघाले ते आज जगभरच्या फिजिओंच्या तोंडपाठ आहेत. यामागे कारण होते. लुडविग आणि कुक यांनी २००० मध्ये डोक्याच्या वर हात धरून काम करणाऱ्या बांधकाम मजुरांत पाहिले होते की ज्यांचा खांदा दुखतो त्यांचा ट्रॅपिझियस जास्त राबतो आणि सेरेटस कमी. तेव्हा वरचा ट्रॅपिझियस आवरा, सेरेटस जागवा, हा सल्ला त्या खांद्यांसाठी शहाणपणाचा होता.

घोटाळा पुढे झाला. दुखऱ्या पण शाबूत मज्जातंतूच्या खांद्यांसाठी काढलेले हे सूत्र सगळ्याच खांद्यांना लागू होऊ लागले. 'खांदे कानाकडे नेऊ नका, खाली दाबून ठेवा' ही सूचना जिमपासून मोबाइलवरच्या व्हिडिओपर्यंत सर्रास ऐकू येते. मानेची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला ती दिली तर काय होईल? त्याचा वरचा ट्रॅपिझियस अतिउत्साही नाही, तो अर्धमेला आहे. खांदा कानाकडे जाणे हीच त्याची हरवलेली हालचाल आहे, आणि उतरलेला खांदा आणखी खाली दाबायला सांगणे म्हणजे जखमेवरच भार ठेवणे. इथे ऑस्ट्रेलियातल्या मॅकगार्वी आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा ईएमजी अभ्यास उपयोगी पडतो. मानेतल्या ग्रंथी काढलेल्या आणि ॲक्सेसरी मज्जातंतू दुखावल्याची लक्षणे असलेल्या १० रुग्णांत त्यांनी पात्याच्या ७ व्यायामांची मोजणी केली, दुखावलेली बाजू आणि चांगली बाजू शेजारी ठेवून. दुखावलेल्या बाजूचा वरचा आणि मधला ट्रॅपिझियस अपेक्षेप्रमाणे कमी काम करत होता, पण हात डोक्यावर नेण्याच्या व्यायामांत तो त्यातल्या त्यात जास्त जागा झाला. आणि त्याच बाजूचे ऱ्हॉम्बॉइड आणि सेरेटस चांगल्या बाजूपेक्षा अधिक राबत होते, म्हणजे शेजारी उणीव भरून काढत होते. यावरून दोन वाटा दिसतात. मज्जातंतू परतण्याची आशा असेल तर ट्रॅपिझियसला हाक मारणारे, हात वर नेणारे व्यायाम बेताच्या वजनाने हवेत; आणि तो परतेपर्यंत पात्याला धरून ठेवायला शेजारी स्नायू घडवायला हवेत. खेळाडूच्या दुखऱ्या खांद्यासाठी काढलेल्या यादीत याचे उत्तर सापडत नाही, पुष्कळदा उलटे उत्तर सापडते.

यावर जाणकार पहिला आक्षेप घेतील तो ईएमजीवरच, आणि तो योग्य आहे. विजेची हालचाल म्हणजे ताकद नव्हे. थकलेल्या स्नायूतही आकडा चढतो. त्वचेवरच्या इलेक्ट्रोडला शेजारच्या स्नायूचा आवाजही ऐकू येतो. त्यातून टक्केवारीचा खेळ फसवा असतो: ज्या स्नायूचे शंभर टक्केच मुळात तुटपुंजे आहेत, त्याने साठ टक्के गाठले म्हणून पाते उचलले जाईलच असे नाही. आणि नऊ-दहा माणसांच्या मोजणीवर कुणाचा उपचार ठरवायचा? म्हणूनच 'हा व्यायाम सर्वाधिक ॲक्टिव्हेशन देतो' अशा जाहिराती करणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. ईएमजीने पडताळा मिळत नाही, निवड मात्र सुधारते. कोणता व्यायाम करून बघण्याजोगा आहे एवढे ते सांगते. तो गुण देतो की नाही हे रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागल्यावरच ठरते. असे अभ्यास थोडे आहेत, पण आहेत. कॅनडात मॅकनीली आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये डोके-मानेच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या ५२ जणांना १२ आठवडे व्यायाम दिले. हळूहळू वजन वाढवत नेलेल्या गटाचे दुखणे आणि अडचण नेहमीच्या फिजिओथेरपीच्या गटापेक्षा अधिक घटली. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा तीन चाचण्या आणि मिळून १०४ रुग्ण सापडले. फायदा दिसला, पण तो लहान होता आणि पुरावा मर्यादित, असे आढावाकारांनी स्पष्ट लिहिले. एवढ्या पुराव्यावर मोठे दावे करता येत नाहीत. पण कर्करोगाच्या उपचारात आपण पुष्कळदा यापेक्षा महाग आणि अधिक त्रासदायक गोष्टी यापेक्षा फार भक्कम नसलेल्या पुराव्यावर स्वीकारतो, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप काळाचा. मज्जातंतू कापलेला नसेल तर तो बहुधा आपणहून सावरतो, मग एवढा खटाटोप कशाला? मॅकगार्वी यांच्याच २०१५ च्या चाचणीकडे बोट दाखवता येईल. तिथे व्यायामाच्या गटाचा हात तीन महिन्यांनी अधिक वर जात होता, पण दीर्घ मुदतीत तो फायदा टिकतो असे ठामपणे सांगता आले नाही. मला हा आक्षेप कागदावर बरोबर आणि घरात चूक वाटतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले महिने म्हणजे पुष्कळांच्या बाबतीत रेडिओथेरपीचे महिने. मानेची त्वचा आणि खालचे थर घट्ट होत जातात, आणि न हललेला खांद्याचा सांधा आखडून बसतो. मज्जातंतू सहा महिन्यांनी परत आला तरी आखडलेला सांधा आपोआप मोकळा होत नाही. त्या सहा महिन्यांत माणूस जगत असतोच. महाराष्ट्रात तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण बहुतेक तंबाखू, गुटखा किंवा मिश्री यांच्या वाटेने येतात. २०१२ मध्ये राज्याने गुटख्यावर बंदी घातली, तरी ओढा थांबलेला नाही. यांतला मोठा वर्ग हातावर पोट असणारा. रंगारी, गवंडी, हमाल, एसटीचा वाहक, फळीवरून माल काढून देणारा दुकानदार, दोरीवर कपडे टाकणारी बाई यांना वर्षाने हात सारखाच वर जाईल असे आश्वासन देण्यात काय अर्थ आहे? तीन महिने आधी कामावर जाता आले तर घरातली किती उधारी टळते, हे कोणत्याही चाचणीच्या तक्त्यात लिहिलेले नसते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ब्रिटनमध्ये ग्रास्प नावाच्या मोठ्या चाचणीत खांद्याच्या रोटेटर कफच्या दुखण्याचे ७०८ रुग्ण होते. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या तिच्या निकालानुसार फिजिओकडे सहापर्यंत भेटी देऊन हळूहळू वाढवलेला व्यायाम हा एकाच चांगल्या भेटीतल्या सल्ल्यापेक्षा सरस ठरला नाही. मग मी कुठल्या तोंडाने वारंवार भेटी मागतो? उत्तराचे दोन भाग आहेत. त्या रुग्णांचे मज्जातंतू धड होते, मान उघडलेली नव्हती, रेडिओथेरपी नव्हती. तिथला निष्कर्ष इथे उचलून आणणे म्हणजे वर सांगितलेलीच चूक उलट्या बाजूने करणे. दुसरे असे की, तिथली 'एक भेट' म्हणजे काय होती हे नीट वाचावे. प्रशिक्षित फिजिओबरोबर तासाभरापर्यंतची समोरासमोर तपासणी, समजावणे, घरी करायचा व्यायाम आणि सोबत साहित्य. आपल्याकडे ओपीडीच्या गर्दीत दोन मिनिटांत दिलेला कागद त्या गटात मोडत नाही. सगळ्यांना तशी एक तासाची भेट मिळत असेल तर बाकीच्या भेटींवर मी जरूर पुन्हा विचार करीन.

उरतो तो मनुष्यबळाचा आणि पैशाचा प्रश्न. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयांत फिजिओ असतात, पण रुग्ण नंदुरबारचा किंवा सावंतवाडीचा असतो आणि टाके काढल्यावर त्याला परत बोलावणे म्हणजे त्याची आणि सोबतच्या माणसाची मजुरी बुडवणे. पण राज्यात फिजिओथेरपीची कॉलेजे कमी नाहीत, आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय चौकटही दिली आहे. माणसे आहेत, त्यांना शस्त्रक्रियेची माहिती पोचत नाही ही खरी अडचण. गावाकडच्या फिजिओला फक्त 'खांदा दुखतो' एवढे कळले तर तो नेहमीची यादीच देणार. आपल्याकडे गालातला खड्डा भरायला छातीचा मोठा स्नायू उचलून वर फिरवण्याची शस्त्रक्रिया सर्रास होते. तो स्नायू जागेवरून गेला असेल तर जोर काढायला लावणे कितपत शहाणपणाचे, हे ठरवायला फिजिओला आधी तो गेला आहे हे माहीत हवे. मज्जातंतू कापला, ओढला गेला की हात न लावता राहिला, छातीचा स्नायू उचलला का, रेडिओथेरपी कधी सुरू होणार, हे सर्जनच्या चार ओळींत मावते. त्या चार ओळी डिस्चार्ज कार्डावर सक्तीच्या केल्या तर एकाही नव्या यंत्राशिवाय अर्धा प्रश्न सुटेल. खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की खासगी विमा, मानेच्या शस्त्रक्रियेच्या रकमेत खांद्याच्या ठरावीक भेटी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे त्या कुणाच्या मर्जीवर राहणार नाहीत.

पहिली भेट शस्त्रक्रियेआधीची असावी, दोन्ही हात किती वर जातात ते मोजून ठेवण्यासाठी. नंतरच्या बिघाडाचे माप त्याशिवाय निघत नाही. दुसरी घरी जाण्यापूर्वी, आणि तीत व्यायामाइतकेच काय करू नये हेही सांगायला हवे. उतरलेल्या बाजूच्या हातात भरलेली पिशवी किंवा कळशी धरून चालू नये, कारण लोंबता भार दुबळ्या ट्रॅपिझियसला दिवसभर ताणत राहतो. बसताना हात उशीवर टेकवावा. वजनाचे व्यायाम सर्जनने जखम भरल्याचे सांगितल्यावरच, आणि पाण्याच्या अर्ध्या बाटलीपासून. पुढच्या भेटी रेडिओथेरपीच्या वेळापत्रकाला जोडता येतील, कारण त्या काळात रुग्ण तसाही रोज रुग्णालयात येत असतो. आणि सहाव्या महिन्यापर्यंत ट्रॅपिझियसने काहीच हालचाल दाखवली नाही तर रुग्णाला त्याच व्यायामांत अडकवून ठेवू नये. मज्जातंतूची तपासणी करून घ्यावी, आणि गरज पडली तर पात्याजवळचे शेजारी स्नायू हलवून बसवणाऱ्या सर्जनकडे पाठवावे. तसे पाठवायची वेळ आली आहे हे सांगू शकणारा माणूस म्हणजे पहिल्या भेटीपासून त्याच खांद्याचे आकडे लिहून ठेवणारा फिजिओ.